दार नसलेला नकाशा

अक्षांश-रेखांश. हा जोडशब्द मी शाळेपासून याच क्रमानं म्हणत आले. उलटा म्हणून बघितला तर जीभ अडखळते. त्यामुळे कॉलेजात जीआयएसच्या, म्हणजे भौगोलिक माहिती प्रणालीच्या, पहिल्याच प्रॅक्टिकलला चाळीस बिंदूंची फाईल सॉफ्टवेअरमध्ये आणताना मी पहिल्या रकान्यात अक्षांश दिला, दुसऱ्यात रेखांश, आणि सगळे बिंदू जमिनीवरून उठून भलत्याच समुद्रात जाऊन पडले. सॉफ्टवेअरला आधी एक्स हवा असतो, मग वाय. एक्स म्हणजे पूर्व-पश्चिम, म्हणजे रेखांश. तोंडात बसलेला क्रम इथे चालत नाही.

मागे उभ्या असलेल्या सरांनी चूक लगेच सांगितली नाही. "ते तिथेच का गेले, हे आधी जर्नलमध्ये लिही. दुरुस्ती नंतर," एवढंच म्हणाले. लिहायला बसल्यावर लक्षात आलं की बिंदू कसेही उधळलेले नाहीत. त्यांची आपसातली मांडणी शाबूत होती, फक्त तिरप्या आरशात बघावी तशी उलटलेली. चुकीला आकार होता आणि तो वाचता येत होता. या विषयाची ओढ मला लागली ती तिथून.

तोवर माझी समजूत अशी की हा एका सत्राचा कोर्स म्हणजे एक सॉफ्टवेअर शिकणं. कुठलं बटण कुठे आहे ते पाठ केलं की झालं. भौगोलिक माहिती प्रणाली हे नावच इतकं जड की त्यामागे काही साधं असेल असं वाटत नाही. पण कल्पना साधी आहे. नकाशावरच्या प्रत्येक आकृतीमागे, मग तो बिंदू असो, रेषा असो की बहुभुज, तक्त्यातली एक ओळ बांधलेली असते. आकृती सांगते कुठे, ओळ सांगते काय. १९६०च्या दशकात कॅनडानं आपल्या अवाढव्य जमिनीची मोजदाद हाती घेतली. शेतीला कुठली जमीन योग्य, जंगलाला कुठली, वन्यजीवांना कुठली, हे सगळं वेगवेगळ्या नकाशांवर उतरणार होतं. ते नकाशे एकावर एक ठेवून हातानं क्षेत्रफळं मोजायची तर माणसं आणि वर्षं दोन्ही पुरली नसती. रॉजर टॉमलिन्सन यांनी नकाशाचेच आकडे करून ते संगणकाला द्यायचं ठरवलं. जीआयएसचं जनकत्व त्यांच्याकडे जातं ते यासाठी.

मराठीतले नकाशा आणि नक्षी हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आले आहेत. मी नकाशाकडे नक्षीसारखीच बघत होते, कुणीतरी काढून पुरी केलेली गोष्ट म्हणून. टॉमलिन्सन यांच्या कल्पनेतला नकाशा कधीच पुरा होत नाही. त्याला प्रश्न विचारायचे असतात, आणि नवा प्रश्न आला की बहुतेक वेळा नवा रकाना लागतो.

दुसऱ्या आठवड्यात रस्त्यांचा थर आणि इमारतींचा थर एकत्र उघडायचा होता. रस्ते दिसले. इमारती गायब. यादीत नाव आहे, खूण केलेली आहे, पण पडद्यावर काही नाही. ‘झूम टू लेयर’ दाबलं की इमारती दिसायच्या आणि रस्ते जायचे. शेवटी खूप लांब जाऊन बघितलं तर दोन ठिपके. एक जिथे असायला हवा तिथे, दुसरा शून्य अक्षांश आणि शून्य रेखांशाच्या आसपास कुठेतरी. कारण घरी सापडलं. हे थर शेपफाईल नावाच्या स्वरूपात होते. ती म्हणायला एक फाईल, प्रत्यक्षात ते बिऱ्हाड असतं. एसएचपीमध्ये आकृत्या, डीबीएफमध्ये तक्ता, एसएचएक्समध्ये आकृत्यांची अनुक्रमणिका आणि पीआरजेमध्ये हे आकडे कुठल्या पद्धतीनं मोजलेत त्याची नोंद. पेनड्राइव्हवर घेताना मी पहिल्या तीन घेतल्या आणि चौथी, दिसायला नगण्य, तिथेच राहिली. इमारतींचे आकडे अंशांत होते. सॉफ्टवेअरनं ते मीटर समजून मांडले, आणि सगळा परिसर मीटरभराहूनही लहान चौकोनात गोळा झाला.

मग मी आणखी एक चूक केली, जी या कोर्समध्ये बहुतेक सगळे करतात. थराच्या गुणधर्मांत जाऊन संदर्भप्रणालीचं, म्हणजे आकडे ज्या पद्धतीनं मोजलेत तिचं, नाव बदललं. अंशांच्या थराला मीटरची पाटी लावली. वाटलं, आता तो मीटरमध्ये आला. सर म्हणाले, "तापमापकावर शंभर फॅरनहाइट दिसतंय. तू एफ खोडून सी लिहिलंस. पेशंटचा ताप बदलला का?" पाटी बदलणं वेगळं आणि आकडे बदलणं वेगळं. पाटी चुकीची असेल तर ती सुधारायची. पाटी बरोबर असेल आणि दुसऱ्या पद्धतीत जायचं असेल तर प्रत्येक बिंदूचं गणित करून नवी फाईल करायची. सॉफ्टवेअरमध्ये या दोन्हींची बटणं वेगळी आहेत, नावं मात्र इतकी सारखी की मी त्यांच्यातला फरक वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवला होता.

मीटरची गरज का, हे एका बफरनं दाखवलं. दवाखान्याच्या बिंदूभोवती ५००चा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचा घेर, काढायचा होता. थर अंशांत होता. सॉफ्टवेअरनं निमूटपणे ५०० अंशांचं वर्तुळ काढलं, ज्यात अख्खी पृथ्वी बुडाली. आणि समजा मी अंदाजानं भागाकार करून अंशांतलंच वर्तुळ काढलं असतं, तरी ते वर्तुळ राहिलं नसतं. अक्षांशाचा एक अंश कुठेही साधारण १११ किलोमीटरच भरतो, पण रेखांशाचा अंश ध्रुवाकडे आकसत जातो. ६० अक्षांशावर तो जवळपास निम्मा होतो. म्हणून यूटीएमसारख्या पद्धती. पृथ्वीच्या ६० उभ्या पट्ट्या, प्रत्येक ६ अंश रुंद, आणि प्रत्येक पट्टीचं स्वतःचं मीटरमधलं मोजमाप. पट्टीच्या मधल्या रेखावृत्ताला शून्य न म्हणता ५,००,००० म्हणायचं, म्हणजे त्याच्या पश्चिमेलाही आकडे उणे होत नाहीत. या पाच लाखांचं मला फार अप्रूप वाटलं. कुणीतरी पुढच्या माणसाचा वजाबाकीचा घोळ वाचावा म्हणून सगळी पट्टी पाच लाख मीटर सरकवून ठेवली.

फोनवरचे नकाशे ज्या प्रक्षेपणात दिसतात त्याचं मूळ मर्केटर या नकाशाकाराच्या १५६९मधल्या नकाशात आहे. तो खलाशांसाठी होता. होकायंत्राची एकच दिशा धरून चाललेलं जहाज त्यावर सरळ रेषेत दिसतं. ते काम तो अजूनही चोख करतो. पण अंतर मोजायला तो घेतला तर ६० अक्षांशावर एक मीटर दोन मीटर होऊन बसतो.

डेटम या शब्दापाशी मात्र मी बराच काळ अडकले. प्रक्षेपण म्हणजे गोल पृष्ठभाग सपाट करणं, इतपत समजत होतं. पण कुठला गोल? पृथ्वी गोलही नाही, लंबगोलही धड नाही. प्रत्येक प्रदेशातल्या सर्वेक्षकांनी आपापल्या जमिनीला चपखल बसेल असा लंबगोल निवडला आणि त्यावर आकडे मांडले. असा बसवलेला लंबगोल म्हणजे डेटम. एव्हरेस्ट यांनी १८३०मध्ये मांडलेला लंबगोल भारतीय उपखंडासाठी, ब्रिटनसाठी एअरी यांचा, जपानसाठी टोकियो डेटम. उपग्रह आल्यावर सगळ्या पृथ्वीला एकच माप हवं झालं, त्यातून डब्ल्यूजीएस ८४ आलं. टोकियो डेटममधले आकडे जसेच्या तसे डब्ल्यूजीएस ८४मध्ये ठेवले तर बिंदू ४०० मीटरहून जास्त सरकतो. जमीन तिथेच, आकडे तेच, तरी बिंदू दुसऱ्या गल्लीत.

वर्गात हे ऐकताना मी मान हलवत होते. पटलं ते ग्रिनिचच्या उदाहरणानं. तिथल्या जुन्या वेधशाळेत शून्य रेखांशाची रेघ जमिनीवर आखलेली आहे. लोक तिच्या दोन बाजूंना एकेक पाय ठेवून उभे राहतात, एक पाय पूर्व गोलार्धात, एक पश्चिमेत. फोन काढला तर तो शून्य दाखवत नाही. उपग्रहांच्या हिशेबातलं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला आहे. जुन्या खगोलज्ञांनी उभी दिशा ठरवली ती गुरुत्वाकर्षणावरून, आणि त्या जागी गुरुत्वाकर्षणाची ओढ पृथ्वीच्या केंद्राच्या नेमक्या रोखानं नाही, किंचित तिरकी आहे. दुर्बीण चुकली नव्हती. एकोणिसाव्या शतकातल्या त्या माणसांनी जे मोजलं ते खरं मोजलं. ‘खाली’ या शब्दाचा त्यांचा अर्थ वेगळा होता, इतकंच. मला हे फार हलवून गेलं. तोवर मी जागेला एक कायमचा, तिच्या अंगावर कोरलेला आकडा असतो असं धरून चालले होते.

पुढचे काही आठवडे डिजिटायझिंगचे. उपग्रहाचं किंवा विमानातून घेतलेलं चित्र खाली ठेवायचं आणि माऊसनं एकेक कोपरा टिपत इमारती, रस्ते, पाणवठे काढत जायचं. बघणाऱ्याला हे काम कंटाळवाणं वाटतं. मला ते आवडायचं, कारण त्यात बघायला लागतं. उंच इमारत चित्रात कलंडलेली दिसते, छत एकीकडे आणि पाया दुसरीकडे. छताची कड गिरवली तर इमारत शेजारच्या रस्त्यावर चढते. म्हणून छताचा आकार काढून तो पायापाशी सरकवायचा. झाडाखाली गेलेला रस्ता पलीकडे कुठे निघतो ते सावलीवरून ओळखायचं.

आणि रेषा जुळवायच्या. दोन रस्ते पडद्यावर एकमेकांना भिडलेले दिसतात. झूम करत जा, करत जा, आणि मधे दहा सेंटिमीटरची फट निघते. डोळ्याला ती फट नाही, गणिताला आहे. त्या फटीवरून सॉफ्टवेअर कुणालाही पलीकडे जाऊ देत नाही, लांबचा वळसा घालून आणतं. स्नॅपिंग, म्हणजे जवळ आलेली टोकं आपोआप जोडणारी सोय, चालू ठेवणं हा यावरचा उपाय, आणि तो पहिल्या मिनिटापासून करायचा असतो. मी तो एकदा अर्ध्या कामानंतर केला होता; ती संध्याकाळ फटी शोधण्यात गेली.

याच काळात सरांनी जॉन स्नो या डॉक्टरांचं काम शिकवलं. जीआयएसच्या प्राथमिक कोर्समध्ये हे उदाहरण बहुतेक सगळीकडे असतं. १८५४, लंडनमधल्या सोहो भागात पटकीची साथ, दहा दिवसांत पाचशेहून अधिक बळी. स्नो यांनी प्रत्येक मृत्यूची आडवी रेघ त्या त्या घरापाशी काढली, रेघा ब्रॉड स्ट्रीटवरच्या पाण्याच्या पंपाभोवती दाटल्या, ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला, साथ थांबली. इतकी नेटकी गोष्ट की परीक्षेत पाच ओळींत बसते. सरांनी ती नेटकी ठेवली नाही. दांडा निघाला तेव्हा साथ आधीच ओसरत होती, लोक भाग सोडून गेले होते. आणि तो प्रसिद्ध नकाशा दांडा काढल्यानंतर तयार झाला. पाण्याचा संशय स्नो यांना कित्येक वर्षं आधीपासून होता. नकाशानं तो जन्माला घातला नाही. ते दारोदार फिरले होते. पंपाजवळच्या दारूभट्टीतले कामगार का वाचले, हे विचारायला ते भट्टीत गेले. कळलं की कामगारांना तिथे बिअर मिळायची, ते पंपाचं पाणी पीत नव्हते. जवळच्या अनाथालयवजा आश्रयगृहात शेकडो माणसं, पण मृत्यू थोडे. त्यांची विहीर वेगळी होती. नुसत्या रेघांच्या दाटीवरून हे कधीच कळलं नसतं. मोकळी राहिलेली जागा बघून कुणीतरी तिथे जाऊन विचारायला लागतं.

आणि एक तपशील, जो मला सगळ्यात मोलाचा वाटतो. १८५५मध्ये चौकशी समितीच्या अहवालासाठी स्नो यांनी नकाशाची दुसरी आवृत्ती केली. तिच्यात त्यांनी एक रेषा आखली. तिच्या आतल्या माणसाला ब्रॉड स्ट्रीटचा पंप जवळ, बाहेरच्याला दुसरा एखादा. पण ‘जवळ’ त्यांनी पट्टीनं मोजलं नाही. रस्त्यानं चालत गेलं तर किती, असं मोजलं. हातात बादली घेतलेली बाई भिंतीतून जात नाही, हे त्या रेषेत आहे. सरांनी दोन्ही प्रकारे क्षेत्रं काढून एकावर एक ठेवली. सरळ अंतराचं क्षेत्र नीटस, कडा सरळ. चालण्याचं क्षेत्र वेडंवाकडं, गल्लीबोळांनी ओढलेलं.

प्रोजेक्टसाठी तिघातिघांचे गट केले. विषय नेहमीचे होते: आवारातली झाडं, दिव्यांचे खांब, कचऱ्याचे डबे. आमच्या गटातली एक मैत्रीण व्हीलचेअर वापरते. विषय तिनं दिला. "लॅबपासून लायब्ररीपर्यंतचा रस्ता काढून दाखवा," एवढंच. आधीच्या बॅचनं केलेला आवाराचा नकाशा विभागात होता. इमारतींचे बहुभुज, वाटांच्या रेषा. आम्ही सर्वांत जवळची वाट काढायचं साधन चालवलं आणि एका झटक्यात २४० मीटरची लाल रेषा आली. तिनं ती बघितली. "ही तुमची," ती म्हणाली. "माझी साडेसहाशेची आहे."

मी त्या लाल रेषेकडे पुन्हा बघितलं. ती लायब्ररीच्या मागच्या भिंतीपाशी संपत होती. सॉफ्टवेअरनं इमारतीला सगळ्यात जवळ असलेली वाट पकडली होती, कारण त्याला दार माहीतच नव्हतं. त्या नकाशातल्या एकाही इमारतीला दार नव्हतं. बहुभुज म्हणजे बंद आकृती. टोपॉलॉजीच्या, म्हणजे आकृत्या एकमेकींशी कशा जुळतात त्याच्या, धड्यात आम्ही तो बंद असावा म्हणून किती धडपडलो होतो. त्यात आत कसं जायचं हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सत्रभर आम्ही या नकाशावर सराव केला आणि मलाही ते दिसलं नव्हतं. मला दार लागत नव्हतं असं नाही. कुठल्याही दारानं मी जाऊ शकत होते, म्हणून ते दिसलं नाही.

तर आम्ही दारांचा थर करायला निघालो. फोनच्या जीपीएसनं पहिली दोन दारं टिपली आणि दोन्ही भिंतीच्या आत पडली. उघड्या आकाशाखाली फोन साधारण पाच मीटरपर्यंत नेम धरतो. इमारतीच्या कुशीत उभं राहिलं की उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि चूक वाढते. आमची दारं एकमेकांपासून चार मीटरवर होती. मग टेप आणला. इमारतीचा कोपरा ते दाराची चौकट, असं अंतर मोजून दार बहुभुजाच्या कडेवर बसवलं. जगाच्या सापेक्ष नव्हे, भिंतीच्या सापेक्ष. डेटमवर घालवलेले ते सगळे तास मला त्या टेपमध्ये दिसले.

तक्त्याला चार रकाने ठरले: रुंदी, पायऱ्या, रॅम्प, उघडायची वेळ. ‘पायऱ्या’ हे नाव शेपफाईलनं घेतलं नाही. रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह युनिकोडच्या रूढ साठवणीत तीन बाइट खातं. दहा बाइटांत आपली तीन चिन्हं बसतात. ‘पाय’ बसलं, पुढचं तुटलं. आम्ही दुसऱ्या स्वरूपाची फाईल घेतली आणि नाव पूर्ण लिहिलं. इतक्या छोट्या गोष्टीसाठी तासभर घालवला याचं आमच्या तिसऱ्या जोडीदाराला नवल वाटलं. मला तो तास आवश्यक वाटतो. आपला तक्ता आपल्या शब्दात वाचता यायला हवा.

रॅम्पचा उतार उंचीच्या तयार डेटावरून काढता येईल का, असं मला वाटलं होतं. फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर या अवकाशयानानं ११ दिवसांत रडारनं पृथ्वीच्या बहुतेक जमिनीची उंची मोजली; ती माहिती ३० मीटरच्या चौकोनांत मोफत मिळते. मी आमच्या आवाराचा भाग कापून घेतला. अख्खी लायब्ररी दोन-तीन चौकोनांत मावली. शिवाय रडारला छत आणि झाडाचा शेंडा हीच जमीन वाटते. रॅम्पचा बऱ्याच ठिकाणी धरला जाणारा उतार म्हणजे एक भाग चढायला बारा भाग लांबी. ४० सेंटिमीटरच्या जोत्याला जेमतेम पाच मीटर. तो ३० मीटरच्या चौकोनात दिसणार कसा? डोंगर बघायला केलेली ती मोजणी आहे, आणि डोंगर ती उत्तम बघते. आमच्या उताराला टेप, एक सरळ पट्टी आणि पाण्याची लेव्हल पुरली.

त्या आठवड्याअखेर मी तक्ता भरला. ज्या दारांपर्यंत आम्ही पोचलो नव्हतो, तिथे पायऱ्यांच्या रकान्यात शून्य टाकलं. रिकामे चौकोन अपुरे दिसत होते. मग वाटेचं साधन पुन्हा चालवलं. हे साधन ज्या रीतीवर चालतं ती डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञानं १९५६मध्ये ॲमस्टरडॅममधल्या एका कॅफेत बसून वीसेक मिनिटांत योजली आणि १९५९मध्ये प्रसिद्ध केली. तिचं सौंदर्य असं की तिला ‘अंतर’ म्हणजे काय याच्याशी देणंघेणं नसतं. प्रत्येक तुकड्याला एक किंमत द्या, ती एकूण किंमत सगळ्यात कमी करून देते. आम्ही पायरी असलेल्या तुकड्याची किंमत इतकी मोठी ठेवली की वाट तिकडे फिरकणार नाही. नवी वाट आली. मागच्या बाजूच्या तीन दारांतून, सरळ, सोयीची, ३१० मीटर. मी आनंदानं मैत्रिणीला हाक मारली.

त्या तीन दारांपाशी आम्ही गेलोच नव्हतो.

आम्ही न बघितलेली दारं नकाशावर सगळ्यात सुगम ठरली होती. शून्य पायऱ्या हे उत्तर आहे; रिकामा चौकोन म्हणजे प्रश्न अजून उभा आहे. मी प्रश्नाच्या जागी उत्तर लिहिलं, आणि सॉफ्टवेअरनं माझ्यावर विश्वास ठेवला. जगभरात हे होत असतं. पत्त्याला अक्षांश-रेखांश सापडले नाहीत की कुठल्याशा प्रणालीत शून्य, शून्य भरलं जातं, आणि मग गिनीच्या आखातात, जिथे जमिनीचा तुकडाही नाही, तिथे अनेक माणसांची घरं दिसू लागतात. त्या जागेला ‘नल आयलंड’ असं नावही पडलं आहे. वर्गात आम्ही त्यावर हसलो होतो. माझ्या तीन दारांपाशी हसू आलं नाही, कारण ती वाट घेऊन कुणीतरी निघणार होतं.

मी प्रत्येक शून्य तपासलं. जिथे गेलो होतो तिथलं ठेवलं, बाकीची रिकामी केली, आणि रिकामा तुकडा वाटेनं टाळावा असा नियम घातला. मग राहिलेली दारं एकेक करत बघितली. मागच्या तिन्हींपैकी दोन कायमची बंद, तिसऱ्याला चार पायऱ्या. सगळं भरून झाल्यावर साधन पुन्हा चालवलं आणि ६४५ मीटर आलं. मैत्रिणीनं पहिल्याच दिवशी सांगितलेला आकडा. ती रोज त्या वाटेनं जात होती.

सबमिशनच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "एकदा तुमच्या रेषेवरून जाऊ या." आम्ही फोनवर नकाशा उघडून निघालो. ती पुढे, आम्ही मागे. मीटर हळूहळू कमी होत होते. पहिलं वळण बरोबर, रॅम्प बरोबर, ८५ सेंटिमीटरचं दार बरोबर. कॅन्टीनच्या बाजूनं आत शिरणाऱ्या दारापाशी तिची खुर्ची थांबली. पुढची छोटी चाकं कशाला तरी अडली. मी खाली बघितलं. फरशी संपून दुसरी फरशी सुरू होत होती आणि मधे उंबऱ्याची एक दगडी पट्टी, तीन सेंटिमीटर वर आलेली. तक्त्यात तिथे शून्य होतं. यावेळचं शून्य खरं होतं, मी स्वतः तिथे उभी राहून लिहिलेलं. तिला पायरी कोण म्हणेल?

तिनं खुर्ची जरा मागे घेतली, वळवली, मोठी चाकं आधी चढतील अशी पाठमोरी झाली आणि एका हिसक्यात पलीकडे गेली. रोजची सवय असावी. "इथे मी अशीच जाते," म्हणाली. "पाऊस असला की नाही जात."

मी तक्ता उघडला. ‘पायऱ्या’ या रकान्याच्या शेजारी नवा रकाना घेतला, ‘उंबरा, सेंमी’. पहिल्या ओळीत ३ लिहिले. बाकीच्या सगळ्या ओळी रिकाम्या सोडल्या. सरांकडे जाऊन दोन दिवसांची मुदत मागितली, आणि विभागाच्या कपाटातून टेप परत काढून आणला.